अठरा मजल्यांसाठी क्रेन: हायड्रा, टॉवर क्रेन आणि भाडेकरार यांचे परीक्षण

बांधकामासाठी क्रेन ठरवायची म्हटले की बैठकीत पहिला प्रश्न येतो तो 'किती टनांची?' असा, आणि माहितीपत्रकावरही तोच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. इमारतीच्या कामात मात्र त्या आकड्याचा उपयोग फार थोडा होतो, कारण तो क्रेनच्या अगदी जवळ उचललेल्या ओझ्याचा असतो आणि आपल्याला ओझे ठेवायचे असते ते दूरच्या कोपऱ्यात. पुण्याच्या पश्चिम उपनगरात दोन तळघरे, त्यांवर पोडियम (दोन्ही विंगखालचा पसरट मजला) आणि पोडियमवर अठरा मजल्यांच्या दोन विंग असे निवासी काम करताना आमचा संबंध तीन प्रकारच्या क्रेनशी आला: जमिनीवर माल हलवणारी हायड्रा, काम संपेपर्यंत जागेवर उभी राहणारी टॉवर क्रेन आणि तिच्या उभारणी-उतरणीसाठी येणारी ट्रकवरची टेलिस्कोपिक क्रेन. हे परीक्षण त्या कामावरून लिहिले आहे. साधारण पन्नास ते सत्तर मीटर उंचीच्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून ते वाचावे.

आधी हायड्राविषयी. ही क्रेन कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर भाड्याने मिळते, स्वतःच्या चाकांवर साइटवर येते आणि उचललेले ओझे घेऊन चालू शकते. सळईचा ट्रक रिकामा करणे, जनरेटर जागेवर बसवणे, शटरिंगचा माल यार्डातल्या यार्डात हलवणे ही कामे तिच्याइतक्या स्वस्तात दुसरे कोणतेही यंत्र करत नाही. पण तिच्यावर रंगवलेली १४ टनांची क्षमता ही बूम (ओझे पेलणारा, लांब-आखूड होणारा हात) पूर्ण आत, ओझे पुढच्या चाकांजवळ, जमीन सपाट आणि टणक आणि यंत्र सरळ रेषेत उभे असतानाची आहे. बूम बाहेर काढून ओझे पाच-सहा मीटर पुढे नेले की तीच क्षमता काही थोड्या टनांवर येते. त्यातच हायड्राचे धड मधोमध वाकून वळत असल्याने वळणावर ओझे मध्यरेषेपासून बाजूला जाते आणि उलटण्याचा धोका वाढतो. पावसाळ्यात भरावाच्या जमिनीवर हे सगळे हिशोब आणखी बिघडतात.

तिचा याहून मोठा दोष चालकाच्या जागेत आहे. जुन्या रचनेत चालक मागे बसतो, त्याच्यापुढे बूम आणि बूमपुढे लटकते ओझे असते. झोके खाणारे ओझे हाताने सावरत चालणारा मजूर नेमका त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात असतो. अनेक मोठ्या प्रकल्पांच्या साइटवर जुन्या पद्धतीच्या हायड्राला प्रवेशच नाही, तो याच कारणासाठी. चालकाची केबिन पुढे असलेल्या, साइटवर 'फराना' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या क्रेनमध्ये हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला आहे. भाडे थोडे जास्त पडते, पण माझे मत विचाराल तर या एका बाबतीत घासाघीस करू नये. ओझ्याला दोन्ही टोकांना दोर बांधून मजुरांना ओझ्यापासून लांब ठेवणे मात्र नव्या क्रेनलाही चुकत नाही.

आता टॉवर क्रेन, कारण खरा खर्च आणि खरा निर्णय तिच्याबाबतच असतो. आपल्याकडे मध्यम उंचीच्या इमारतींवर चिनी धाटणीची 'टीसी ५०१३' वर्गातील क्रेन बरीच दिसते आणि आमच्याकडेही तीच होती. या नावातच तिची कुंडली आहे: ५० मीटर लांबीची जिब, म्हणजे क्रेनचा आडवा हात, आणि तिच्या टोकाला १.३ टन. जास्तीत जास्त क्षमता ६ टन, पण ती मास्टपासून (क्रेनच्या उभ्या मनोऱ्यापासून) जेमतेम बारा-तेरा मीटरपर्यंत आणि हुकाचा दोर चौपदरी घेतला तरच मिळते. दुपदरी दोरावर वेग दुप्पट होतो आणि कमाल क्षमता निम्मी. तीस मीटरवर ही क्रेन अडीच टनांच्या आत-बाहेर उचलते आणि चाळीस मीटरवर पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणून विक्रेत्याकडून ६ टनांचे आश्वासन ऐकण्यापेक्षा त्याच्याकडून लोड चार्ट (किती अंतरावर किती ओझे उचलता येते याचा तक्ता) मागून घ्यावा, इमारतीच्या नकाशावर मास्टची जागा ठरवून तिच्याभोवती दर पाच मीटरला वर्तुळे काढावीत आणि सर्वांत जड ओझे कोणत्या वर्तुळात उतरणार आहे ते पाहावे. हुकाचा ठोकळा, स्लिंग (ओझ्याला बांधायचा दोर) आणि शॅकल (दोर अडकवायची कडी) यांचे वजन त्या चार्टमध्ये धरले आहे की वेगळे वजा करायचे, हेही उत्पादकाच्या पुस्तिकेतून नक्की करून घ्यावे.

हे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होते. सोळा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई जवळजवळ १९ किलोची असते, त्यामुळे दोन टनांच्या बंडलात साधारण १०५ सळया येतात. ट्रक उभा राहतो ती जागा आमच्या मास्टपासून अठरा मीटरवर होती आणि तिथे क्रेन असे बंडल सहज उचलत असे, पण दूरच्या विंगचा कोपरा चव्वेचाळीस मीटरवर होता आणि तिथे तिची ताकद दीड टनाच्या घरात येते. ऑपरेटरने बंडल उचलले, ट्रॉली (जिबवरून हुक आत-बाहेर नेणारी गाडी) बाहेर नेऊ लागला आणि निम्म्या वाटेवर सुरक्षा यंत्रणेने ट्रॉली थांबवली, हा प्रकार सुरुवातीच्या दिवसांत सारखा व्हायचा. उपाय साधा होता: त्या कोपऱ्यासाठीची बंडले यार्डातच सव्वा टनाची बांधायची. पण प्रत्येक मजल्याच्या फेऱ्या त्याने वाढतात आणि त्या फेऱ्यांचा हिशोब क्रेन ठरवतानाच करायला हवा. काँक्रीटच्या बकेटचेही तसेच आहे. अर्धा घनमीटर काँक्रीट सव्वा टनाच्या जवळ जाते, त्यात बकेटचे स्वतःचे वजन मिळवले की ते ओझे जिबच्या टोकाला नेताच येत नाही. म्हणून स्लॅबचे काँक्रीट पंपाने आणि बकेट फक्त जवळच्या कॉलमसाठी, अशी वाटणी करावी लागते.

क्रेनच्या निवडीवर शटरिंगच्या पद्धतीचा जेवढा परिणाम होतो तेवढा इमारतीच्या उंचीचाही होत नाही, असे मी आता म्हणेन. मिवानसारखे ॲल्युमिनियमचे शटरिंग असेल तर पॅनेल हातानेच स्लॅबमधील ठेवलेल्या खिडकीतून वरच्या मजल्यावर जातात, क्रेनवरचा ताण जवळजवळ फक्त सळई आणि किरकोळ मालापुरता राहतो आणि ५०१३ वर्गातील क्रेन पुरेशी होते. टनेल फॉर्म (भिंती आणि स्लॅब एकदम ओतण्याचे मोठे साचे) किंवा प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणलेले, भिंती-जिने असतील तर एकेका तुकड्याचे वजन कित्येक टन असते. तेथे ही क्रेन घेणे म्हणजे पैसे वाचवल्याचा नुसता भास आहे. अशा वेळी टोकाच्या क्षमतेवरून मागे हिशोब करत वरच्या वर्गातील क्रेन घ्यावी, किंवा मास्ट इमारतीच्या मध्याजवळ आणून जिबच आखूड ठेवावी.

ज्या सुरक्षा यंत्रणेमुळे ट्रॉली थांबते तिच्याकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. या क्रेनच्या वरच्या सांगाड्यावर, मुख्य पोलादी खांबाला धनुष्यासारख्या वाकलेल्या दोन पट्ट्या जोडलेल्या असतात. ओझ्यामुळे खांब अगदी किंचित ताणला किंवा दाबला गेला की या पट्ट्या सरकतात आणि त्यांच्यावरचे छोटे स्क्रू समोरच्या स्विचची बटणे दाबतात. एक स्विच इशारा देतो, दुसरा ओझे वर घेणे आणि ट्रॉली बाहेर नेणे बंद करतो. संपूर्ण क्रेनचे आणि तिच्याखालच्या माणसांचे भवितव्य बोटभर लांबीच्या या स्क्रूंवर अवलंबून असते आणि 'काम अडते' म्हणून नेमके तेच कोणीतरी मागे फिरवते किंवा स्विचला तार बांधून ठेवते. क्रेन ताब्यात घेताना ज्ञात वजनाचे ओझे जिबवर हळूहळू बाहेर नेऊन यंत्रणा ठरल्या अंतरावर थांबवते का ते पाहावे आणि त्यानंतर स्क्रूंवर रंगाची खूण करून ठेवावी. खूण तुटलेली दिसली की त्या दिवशी क्रेन चालू करू नये.

वाऱ्याचा विचार पुण्यातही गंभीरपणे करायला हवा. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरलेला आहे. क्रेनचा पाया आणि इमारतीला दिलेले आधार या मूल्यांवर तपासून घ्यावे लागतात. रोजच्या कामासाठी मर्यादा अर्थातच खूप खाली आहे: बहुतेक टॉवर क्रेन ताशी ७२ किलोमीटरच्या वर चालवायच्या नसतात आणि शटरिंगचे रुंद पॅनेल उचलायचे असेल तर त्याच्या कितीतरी आधी थांबावे लागते. एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या पावसाआधी येणारा वारा काही मिनिटांत चढतो, म्हणून वर वायुवेगमापक असणे आणि तो चालू असणे ही अट करारातच हवी.

काम थांबवताना जिबचा फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडायचा असतो, म्हणजे वादळात ती आपोआप वाऱ्याच्या दिशेने वळते आणि वाऱ्याला कमीत कमी पृष्ठभाग देते. नवख्या माणसाला हे उलटे वाटते आणि तो रात्री ब्रेक लावून निघून जातो. मक्केत ११ सप्टेंबर २०१५ रोजी वादळात कोसळलेली क्रेन टॉवर क्रेन नव्हती, क्रॉलर (साखळी-पट्ट्यांवर चालणारी) होती, आणि तिची बूम उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे खाली घेतलेली नव्हती. त्या दुर्घटनेत शंभराहून अधिक यात्रेकरू गेले. यंत्र वेगळे असले तरी दोष त्याच जातीचा आहे: काम बंद असतानाच्या स्थितीकडे कोणी पाहिले नव्हते. आणि एक गोष्ट बिल्डरांना आवडणार नाही, पण सांगतो. जिबवर किंवा मास्टवर प्रकल्पाच्या नावाचा भला मोठा फलक टांगण्याआधी त्याने वाऱ्याचा किती पृष्ठभाग वाढतो हे उत्पादकाला विचारले पाहिजे.

पायाच्या बाबतीत आमचा अनुभव समाधानकारक होता. साधारण पाच-सहा मीटर चौरस आणि सव्वा ते दीड मीटर जाड असा काँक्रीटचा ठोकळा, त्यात पुरलेले मास्टचे पाय आणि ते पाय ओळंब्यात आहेत की नाही याची थिओडोलाइटने केलेली तपासणी, एवढे नीट झाले की वरचे काम सुरळीत चालते. हे पाय काँक्रीटमध्ये कायमचे गाडले जातात आणि त्यांची किंमत भाड्याच्या कोटेशनमध्ये बहुधा नसते, हे आधीच विचारून घ्यावे. अशी क्रेन आधाराशिवाय ढोबळमानाने चाळीस मीटरपर्यंत उभी राहते. त्यापुढे तिला इमारतीशी कॉलरने (मास्टभोवतीच्या पोलादी चौकटीने) बांधावे लागते आणि त्या बांधणीतून स्लॅबवर व कॉलमवर येणारे बळ स्ट्रक्चरल सल्लागाराला लेखी कळवावे लागते. मास्ट तळघरातून वर येत असेल तर पोडियमच्या स्लॅबमध्ये ठेवलेले भोक शेवटी भरावे लागते आणि गळतीची सुरुवात पुष्कळदा त्या सांध्यापासूनच होते. तिथले वॉटरप्रूफिंग नेहमीच्या कामगारावर सोडू नये.

विमानतळाच्या परिसरातील कामांसाठी आणखी एक बाब आहे. इमारतीला मिळालेल्या उंचीच्या परवानगीत क्रेनचा माथा बसतो का, हे आधी पाहावे, कारण तो गच्चीच्या बराच वर जातो. लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या अखत्यारीत असल्याने पुण्यात याबाबत गाफील राहून चालत नाही.

उत्पादकांविषयी थोडक्यात. पोटेन ही १९२८ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली आणि २००१ पासून अमेरिकेतील मॅनिटोवॉककडे असलेली कंपनी; तिच्या क्रेन पुण्याजवळच्या कारखान्यातही बनतात. सानीचा कारखाना चाकणला आहे. हरियाणातील एसीई हायड्रा आणि टॉवर क्रेन दोन्ही बनवते. यांपैकी कोणती उत्तम, असा निवाडा मी देणार नाही, कारण साइटवर फरक पडतो तो गिअरबॉक्स किंवा ब्रेकची चकती किती दिवसांत हाती येते यावर. मोटरना व्हेरिएबल ड्राइव्ह (वेग हळूहळू कमी-जास्त करणारी यंत्रणा) असलेल्या क्रेनमध्ये ओझे उचलताना हिसका बसत नाही आणि वीज कमी-जास्त होणाऱ्या तात्पुरत्या जोडणीवरही काम चालते. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते या एका सोयीसाठी द्यावेत. उंची वाढते तशी केबलची लांबी आणि तिच्यातील विजेच्या दाबाची (व्होल्टेजची) घट वाढते, म्हणून केबलची जाडी सुरुवातीलाच शेवटच्या मजल्याचा विचार करून घ्यावी.

बहुतेक जण क्रेन विकत न घेता भाड्याने घेतात आणि या सेवेचा दर्जा यंत्राच्या दर्जापेक्षाही असमान आहे. आमच्याकडे एका भाडे कंपनीने पाठवलेल्या मास्टच्या तुकड्यांत दोन निरनिराळ्या क्रेनचे तुकडे होते. रंगाची छटा वेगळी होतीच, पण पिन घालताना काही भोके घासून मोठी झालेली आढळली आणि पिन हाताने हलत होती. ते तुकडे परत पाठवले, आठवडा गेला आणि त्या आठवड्याचे भाडे बिलात लावण्याचा प्रयत्नही झाला. म्हणून प्रत्येक तुकड्याचा अनुक्रमांक मागावा, वेल्डिंगच्या सांध्यांची तडे शोधणारी तपासणी उभारणीच्या आधी, तुकडे जमिनीवर असतानाच, करून घ्यावी, आणि भाडे क्रेन चालू करून दिल्याच्या दिवसापासून सुरू होईल असे लिहून घ्यावे. महिना २६ दिवसांचा व दिवस दहा तासांचा धरण्याची पद्धत आहे. त्यापुढचे तास, बंद पडलेल्या दिवसांची वजावट, ऑपरेटरची राहण्याची सोय आणि वाहतूक दोन्ही वेळची, हे चार मुद्दे करारात मोघम राहिले की वाद ठरलेलाच.

कागदपत्रांत दोन गोष्टी न पाहता सही करू नये. बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या कायद्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे क्रेनची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा सखोल तपासणी आणि पाच वर्षांतून एकदा भार-चाचणी झालेली हवी. वीस टनांपर्यंतच्या क्रेनसाठी हा चाचणीचा भार क्षमतेपेक्षा पंचवीस टक्के जास्त असतो. तारेच्या दोराचा नियम तर कोणालाही स्वतः तपासता येतो: दोराच्या व्यासाच्या आठ पट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर तो दोर वापरायचा नाही. सोळा मिलिमीटरचा, सहा लडींचा आणि प्रत्येक लडीत १९ तारा असलेला स्लिंग असेल तर १२८ मिलिमीटर लांबीत बारा तुटक्या तारा दिसल्या की तो टाकायचा. चिंधी हातात धरून दोरावरून फिरवली की तुटकी तार चिंधीत अडकते. उघड्या हाताने मात्र हा प्रयोग करू नये.

चार-पाच मजल्यांच्या कामाला टॉवर क्रेन परवडत नाही. तिथे मटेरियल हॉइस्ट, स्लॅबवरची छोटी मंकी क्रेन आणि लागेल तेव्हा दिवसाच्या बोलीवर हायड्रा हेच बरे. मुंबईतल्या पुनर्विकासाच्या अरुंद भूखंडांवर आडव्या जिबची क्रेन शेजारच्या गच्च्यांवरून फिरते, त्यामुळे जिब वर उचलून घेणारी लफिंग क्रेन घ्यावी लागते. ती महाग असते, पण तशा जागेत पर्याय राहत नाही. दोन टॉवर क्रेन जवळजवळ असतील तर त्यांच्या जिबच्या उंचीत पुरेसा फरक ठेवावा आणि टक्कर टाळणारी यंत्रणा बसवून घ्यावी, मग विक्रेता ती ऐच्छिक आहे असे कितीही सांगो.

सर्वांत कमी विचार होतो तो क्रेन उतरवण्याचा. चढताना क्रेन इमारतीच्या पुढे राहते, पण उतरताना पूर्ण झालेली इमारत तिच्या शेजारी उभी असते आणि जिब व काउंटर जिब (मागच्या बाजूचा, तोल राखणारी वजने असलेला हात) दोन्ही इमारतीला न लागता खाली येतील अशी एक तरी दिशा शिल्लक हवी. मास्ट दोन विंगच्या मध्ये ठेवण्याचा आमचा पहिला आराखडा याच कारणासाठी बाद करावा लागला, कारण त्या जागेत काउंटर जिब बाल्कन्यांना घासली असती. जिब जमिनीजवळ आल्यावर तिचे तुकडे सोडवायला टेलिस्कोपिक क्रेन लागते आणि ती पोडियमवर उभी राहणार असेल तर तिच्या आउटरिगरखाली (बाजूला पसरणाऱ्या आधाराच्या पायांखाली) येणारा भार पेलण्यासाठी खालच्या दोन्ही तळघरांत टेकू द्यावे लागतात. तोवर बाग, फरसबंदी आणि प्रवेशद्वाराची कमान बांधून झालेली असते, म्हणून ट्रकची वाट आणि टेलिस्कोपिक क्रेन उभी करायची जागा भाडेकरारासोबतच्या नकाशावर दाखवून त्यावर आर्किटेक्टची सही घ्यावी आणि उतरणीचा दर उभारणीच्या दराबरोबरच ठरवून टाकावा. काम संपल्यावर तो ठरवायला बसलात तर समोरच्याची क्रेन तुमच्या आवारात अडकलेली असते आणि भाड्याचे मीटरही चालूच असते.